दिल्ली लुटणाऱ्या नादिरशाहला शिया-सुन्नी समेट का हवा होता?

नादिरशाह म्हटलं की १७३९ ची दिल्लीची लूट आठवते. पण याच नादिरशाहने शिया-सुन्नी वाद मिटवण्याचाही प्रयत्न केला होता.

१७३६ मध्ये तो इराणचा शाह झाला. सुन्नींना पूज्य असलेल्या पहिल्या खलिफांना जाहीर शिव्याशाप देण्याची सफवी काळातली प्रथा बंद करा, ही त्याची अट होती.

कारण राजकीय होतं. शिया पंथ हा आधीच्या सफवी घराण्याचा आधार होता, तर नादिरच्या फौजेत अफगाणांसह अनेक सुन्नी होते.

सुन्नी ऑटोमन साम्राज्याकडे त्याने मागणी केली, की सुन्नींच्या चार न्यायपरंपरांसोबत शियांची जाफरी परंपरा पाचवी म्हणून मान्य करा. ऑटोमन सुलतानाने नकार दिला. १७४३ मध्ये पुन्हा युद्ध पेटलं.

अखेर नादिरने ही मागणी सोडली आणि १७४६ मध्ये तह झाला. १६३९ चीच सीमा कायम राहिली. पंथाचा प्रश्न सुटला नाही, तरी लढाई थांबली.

१७४७ मध्ये त्याच्याच सरदारांनी त्याची हत्या केली. फौज फुटली. त्यातला एक अफगाण सरदार कंदहारला जाऊन राजा झाला. पानिपतात मराठ्यांशी लढलेला अहमदशाह अब्दाली तो हाच.