बिअरच्या पिंपावरची हवा

सबमिशनच्या आठवड्यात रात्री मेसचं जेवण पचवायला आपण सगळे नाक्यावरच्या गोटी सोड्याच्या गाडीवर जातो. गोटी आत ढकलली की फस्स करून जो गॅस बाहेर पडतो, तो पाण्यात कसा घालायचा हे जगाला लिहून सांगणारा माणूस आपल्याला केमिस्ट्रीच्या पुस्तकात भेटलेला आहे. पण तिथे तो फक्त ऑक्सिजनपुरता, एका ओळीत येतो. त्याचं नाव जोसेफ प्रिस्टले. पेशाने धर्मोपदेशक, आणि गॅसचे पहिले धडे त्याने गिरवले ते एका बिअरच्या कारखान्यात! (रेक्टर सरांनी कृपया पूर्ण लेख वाचून मगच मत बनवावं. आणि मी कॉन्व्हेंटवाला असल्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ संपादकांनी सांभाळून घ्यावं.)

प्रिस्टलेचा जन्म १७३३ सालचा, इंग्लंडमध्ये लीड्सजवळच्या एका खेड्यातला. वडील लोकरी कापडाचं फिनिशिंग करायचे. आई लहानपणीच गेली, पुढे आत्याने वाढवलं. बोलताना तो अडखळायचा. त्यात घरचे लोक सरकारमान्य चर्चच्या बाहेरच्या पंथाचे, त्यामुळे ऑक्सफर्ड-केंब्रिजची पदवी त्याच्या नशिबात नव्हतीच. मग त्याच पंथाच्या लोकांनी चालवलेल्या डॅव्हेंट्रीच्या अकादमीत तो शिकला आणि प्रवचनकार झाला. अडखळणारा प्रवचनकार म्हणजे कल्पना करा. पहिल्या गावातल्या लोकांना तो फारसा रुचला नाही.

पुढे नॅन्टविच गावी त्याने शाळा काढली. चार पैसे जमल्यावर घरासाठी काही घेण्याऐवजी त्याने एक एअर पंप आणि एक वीज तयार करणारं यंत्र विकत घेतलं आणि ते मुलांकडूनच चालवून घेतलं. १७६२ मध्ये मेरी विल्किन्सनशी लग्न झालं. मेकॅनिकलवाल्यांनी इथे कान टवकारावेत, कारण तिचा भाऊ म्हणजे जॉन विल्किन्सन, ज्याच्या बोअरिंग मशीनवर वॅटच्या इंजिनाचे सिलिंडर नीट गोल कापले गेले. लंडनला बेंजामिन फ्रँकलिनची ओळख झाली, त्याच्या प्रोत्साहनाने विजेवर एक जाडजूड पुस्तक लिहून झालं, आणि १७६७ मध्ये प्रिस्टले लीड्सच्या मिल हिल चॅपलमध्ये नोकरीला आला. राहायला मिळालेल्या घराला लागूनच बिअरचा कारखाना होता.

बिअर आंबताना यीस्ट साखर खातं आणि त्यातून अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतो. हा गॅस हवेच्या जवळजवळ दीडपट जड, म्हणून तो उघड्या पिंपात बिअरच्या वर पाण्यासारखा साचून राहतो. जोसेफ ब्लॅकने त्याला काही वर्षांपूर्वीच फिक्स्ड एअर असं नाव दिलं होतं, पण त्याच्याकडेही तो इतका ढिगाने नव्हता. इथे पिंपामागून पिंपं भरलेली, आणि कारखान्याच्या दृष्टीने तो गॅस म्हणजे निव्वळ कचरा. प्रिस्टले जळती मेणबत्ती पिंपात खाली न्यायचा आणि ती कुठे विझते ते बघायचा. थर साधारण ९ इंच ते १ फूट भरला. विझलेल्या ढलपीचा धूर त्या थरात अडकून राहायचा आणि गॅसबरोबर पिंपाच्या काठावरून खाली ओघळायचा. म्हणजे न दिसणारा गॅस त्याला धुरामुळे वाहताना दिसला! आपल्या फ्लुइडच्या लॅबमध्ये प्रवाह दिसावा म्हणून रंग सोडतात, तोच हा प्रकार.

मग त्याने दोन पेले घेतले आणि पिंपाच्या तोंडाशी धरून पाणी एका पेल्यातून दुसऱ्यात ओतत राहिला. दोन-तीन मिनिटांत पाण्याला झऱ्याच्या खनिज पाण्यासारखी झणझणीत चव आली. हाच आपला सोडा.

पण १७६८ मध्ये त्याने ते घर सोडलं आणि फुकटचा गॅस बंद झाला. माझ्या मते त्याची खरी इंजिनिअरिंग इथून सुरू होते. एका बाटलीत खडूची पूड आणि पातळ केलेलं सल्फ्युरिक ॲसिड. बाटलीच्या तोंडाला प्राण्याचं मूत्राशय बांधलेलं, म्हणजे गॅस साठवायची पिशवी. तिच्यातून एक नळी निघून पालथ्या घातलेल्या पाण्याच्या बाटलीत गेलेली. पिशवी हाताने दाबायची आणि पाण्याची बाटली जोरात हलवायची. प्रेशर किती? हाताचं बळ असेल तितकं. पंपाने दाब देऊन गॅस भरला तर पाण्यात कितीतरी जास्त मावेल, हेही त्याने लिहून ठेवलंय. ही सगळी कृती त्याने १७७२ मध्ये छोट्या पुस्तिकेत छापली, किंमत एक शिलिंग. पेटंट नाही, दुकान नाही. खलाशांचा स्कर्व्ही या पाण्याने बरा होईल अशी त्याची समजूत होती आणि कॅप्टन कुकच्या दुसऱ्या सफरीच्या जहाजांसाठी ही कृती पुरवण्यात आली. स्कर्व्हीला हवं असतं क जीवनसत्त्व, त्यामुळे त्याचा उपयोग शून्य. पैसा मात्र दुसऱ्याने केला: श्वेप नावाच्या गृहस्थाने जिनिव्हात १७८३ मध्ये पंप लावून सोड्याचा धंदा काढला.

आता थोडं विषयांतर, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. अमेरिकेत १९७९ पासून घरी बिअर करायला केंद्रीय कायद्याने मुभा आहे (आपल्याकडे तसं नाही, हॉस्टेलवर तर नाहीच नाही). ही हौशी मंडळी बिअर ज्या १९ लिटरच्या स्टीलच्या छोट्या केगमध्ये भरतात, ते मुळात कोल्ड्रिंकच्या सिरपसाठी बनलेले. म्हणजे गॅस बिअरकडून सोड्याकडे आला आणि सोड्याचा डबा बिअरकडे परत गेला! तिथे गॅसचा सिलिंडर निवडताना बराच काथ्याकूट चालतो. सिलिंडरमध्ये कार्बन डायऑक्साइड द्रवरूपात असतो आणि २० डिग्रीला त्याचं प्रेशर ५७ बारच्या आसपास असतं. केगला ४ डिग्रीला लागतं जेमतेम पाऊण बार. मधली सगळी जबाबदारी रेग्युलेटरची. तिथे पैसे वाचवू नयेत, आणि बिअर उलटी रेग्युलेटरमध्ये चढू नये म्हणून नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह हवाच. १६ ग्रॅमच्या छोट्या कार्ट्रिज दिसायला स्वस्त वाटतात. पण माझ्या हिशोबाने १९ लिटर बिअर नुसती बाहेर ढकलायलाच ६५ ग्रॅमच्या आसपास गॅस लागतो, म्हणजे चार कार्ट्रिज, बिअरमध्ये मुरवायचा गॅस वेगळा. चार-पाच लिटरच्या केगला त्या ठीक आहेत, मोठ्याला सव्वादोन किलोचा सिलिंडरच परवडतो. नळाची नळी आखूड घेतली तर ग्लासात नुसता फेस येतो, कारण घर्षणात प्रेशर उतरायला लांबी मिळत नाही. दाब वाढवला तर गॅस त्याच प्रमाणात जास्त विरघळतो, हा नियम विल्यम हेन्रीने १८०३ मध्ये मांडला. आणि हो, बंद खोलीत सिलिंडर गळला तर प्रिस्टलेच्या मेणबत्तीचं जे झालं तेच माणसाचं होतं.

असो. पाण्यावर गॅस गोळा करायला गेलं तर विरघळणारे गॅस हातातून निसटतात, हे सोडा केलेल्या माणसाला कुणी सांगायला नको. म्हणून त्याने पाण्याऐवजी पारा वापरला. ही युक्ती आधी कॅव्हेंडिशची, पण प्रिस्टलेने तिच्या जोरावर अमोनिया, हायड्रोजन क्लोराइड, सल्फर डायऑक्साइड असे गॅस एकामागून एक पकडले. १ ऑगस्ट १७७४ ला १२ इंची भिंगाने ऊन एकवटून त्याने पाऱ्याची लाल राख तापवली. निघालेल्या गॅसमध्ये मेणबत्ती विझायच्या ऐवजी भडकली. हा ऑक्सिजन. स्वीडनच्या शीलला तो आधीच सापडला होता, पण त्याचं छापून यायला उशीर झाला. त्याच ऑक्टोबरमध्ये पॅरिसला जेवणाच्या टेबलावर प्रिस्टलेने हे लाव्हाझिएला मोकळेपणाने सांगून टाकलं. लाव्हाझिएने त्यावरून नवी केमिस्ट्री उभी केली. आणि प्रिस्टले? जळताना पदार्थातून फ्लोजिस्टन नावाचं काहीतरी बाहेर पडतं, ही जुनी कल्पना त्याने मरेपर्यंत सोडली नाही. मला याचा राग येतो. इतकी स्वच्छ नजर असलेला माणूस स्वतःच्याच प्रयोगाचा अर्थ मानायला तयार नव्हता.

१७८० पासून तो बर्मिंगहॅमला होता. वॅट, बोल्टन, वेजवूड अशा मित्रांची लूनर सोसायटी, घरी उत्तम लॅब, सगळं छान चाललेलं. पण धर्म आणि राजकारणावरही तो तितकंच बेधडक लिहायचा, आणि फ्रेंच राज्यक्रांतीची बाजू घ्यायचा. १४ जुलै १७९१ ला गावात क्रांतीच्या वाढदिवसाची मेजवानी होती. तो तिथे गेलासुद्धा नव्हता. तरी जमाव त्याच्या घरावर आला. नवराबायको निसटले, पण घर, लॅब, पुस्तकं, वर्षानुवर्षांचे हस्तलिखित कागद, सगळं जळालं. आपलं एक जर्नल हरवलं तर आपण दोन दिवस जेवत नाही. नुकसानभरपाई मिळाली, मागितलेल्यापेक्षा कमी.

लंडनलाही लोक त्याला टाळू लागले. एप्रिल १७९४ मध्ये तो मेरीला घेऊन अमेरिकेच्या जहाजात बसला. जहाज समुद्रात असतानाच, ८ मे ला, तिकडे पॅरिसमध्ये लाव्हाझिएचा गिलोटिनवर शिरच्छेद झाला. एकाला क्रांतीच्या शत्रूंनी हाकललं, दुसऱ्याला क्रांतीनेच मारलं.

पेनसिल्व्हेनियात सस्क्वेहाना नदीकाठी नॉर्थम्बरलंड नावाच्या लहानशा गावात तो राहिला. १७९५ मध्ये धाकटा मुलगा हेन्री गेला, पुढच्या वर्षी मेरी गेली. नवीन घर उभं राहिलं, त्यात परत एक लॅब, आणि तिथे त्याने अजून एक गॅस शोधला, कार्बन मोनॉक्साइड. ६ फेब्रुवारी १८०४ च्या सकाळी अंथरुणात पडल्या पडल्या त्याने आपल्या लिखाणातल्या दुरुस्त्या सांगितल्या, लिहून झाल्यावर परत वाचून घेतल्या, आणि थोड्याच वेळात तो गेला.