बर्था बेंझ

अकोल्याकडील सपाटी ओलांडून वाशीमकडे जाणारी सडक पातूर सोडल्यावर डोंगर चढू लागते आणि मेडशीवरून पुढे मालेगावची वाट धरते. चढताना वाहनाच्या इंजिनाची परीक्षा होते. परंतु मेडशीकडून पातूरकडे उतरताना परीक्षा होते ती ब्रेकची. माल भरलेला ट्रक असो, प्रवाशांनी गच्च भरलेली एस. टी. असो, की वाऱ्याच्या वेगाने धावणारी मोटार असो, वेळेवर थांबता आले नाही तर तो वेगच घातक ठरतो. मोटार नुकती जन्माला आली होती, तेव्हाच एका स्त्रीने हे सत्य उतारावर ओळखले आणि त्यावर उपायही शोधला. ती स्त्री म्हणजे बर्था बेंझ.

बर्थाबाईंचा जन्म 3 मे 1849 रोजी जर्मनीतील फोर्त्सहाइम या गावी झाला. त्यांचे माहेरचे आडनाव रिंगर. वडिलांचा बांधकामाचा व्यवसाय होता व घरची स्थिती चांगली होती. घरातील बायबलात मुलांच्या जन्माची नोंद करण्याचा प्रघात होता. बर्थाच्या जन्माची नोंद करताना, पुन्हा मुलगीच झाली, अशी खंत तेथे लिहिली गेली होती, असे सांगतात. त्या काळी मुलींना उच्च शिक्षणाची दारे बंद होती. तरीही यंत्रे कशी चालतात याविषयी बर्थाला लहानपणापासून मोठे कुतूहल वाटे.

पुढे कार्ल बेंझ या तरुण अभियंत्याशी त्यांचा विवाह ठरला. घोड्यांवाचून चालणारी गाडी बनवावी, हा कार्ल यांना ध्यास होता. पण हाती पैसा नव्हता आणि कारखान्यातील भागीदारही विश्वासाचा निघाला नाही. तेव्हा बर्थाबाईंनी लग्नात मिळावयाची रक्कम वडिलांकडून आधीच मागून घेतली व त्या पैशांतून भागीदाराचा वाटा विकत घेतला. 1872 मध्ये त्यांचा विवाह झाला. त्यानंतरची कित्येक वर्षे कर्जाची व काटकसरीची गेली. परंतु पतीच्या कामावरील त्यांची श्रद्धा ढळली नाही. अखेर 29 जानेवारी 1886 रोजी कार्ल यांनी आपल्या तीनचाकी मोटारीच्या पेटंटसाठी अर्ज दाखल केला.

मोटार तयार झाली, पण ती विकत घेण्यास कोणी पुढे येईना. धूर सोडणारी, खडखड करणारी ती गाडी लोकांना खेळण्यासारखी वाटे. कित्येकांना तर तिची भीतीच वाटे. कार्ल हे स्वभावाने अतिशय सावध होते. गाडी अधिकाधिक निर्दोष करण्यात ते गढून जात. ती दूरवर नेऊन लोकांना दाखविण्याचे धाडस मात्र त्यांना होत नसे. संसाराची सारी पुंजी ज्या गाडीत अडकली होती, ती कारखान्याच्या आवारातच गंजून जाते की काय, अशी वेळ आली होती.

1888 च्या ऑगस्ट महिन्यात एके दिवशी पहाटे कार्ल झोपेत असतानाच बर्थाबाई उठल्या. 15 वर्षांचा ऑयगेन व 13 वर्षांचा रिचर्ड या आपल्या दोन मुलांना त्यांनी बरोबर घेतले. तिघांनी मोटार आवाज न करता ढकलत घरापासून दूर नेली आणि मग इंजिन सुरू केले. मानहाइमहून फोर्त्सहाइमला, आपल्या आईच्या घरी त्या निघाल्या होत्या. अंतर शंभर किलोमीटरांहून अधिक होते. मोटारीने इतका लांबचा प्रवास तोवर कोणीही केला नव्हता.

वाटेत संकटे एकामागून एक आली. इंधन संपले, तेव्हा वीसलोख गावातील औषधाच्या दुकानातून डाग काढण्यासाठी वापरतात तो लिग्रॉइन नावाचा द्रव विकत घ्यावा लागला. इंधनाची नळी तुंबली, ती त्यांनी टोपीच्या टाचणीने मोकळी केली. ब्रुखझाल येथे एका लोहाराकडून साखळी दुरुस्त करून घेतली. इंजिन थंड राखण्यासाठी मिळेल तेथे पाणी भरावे लागे. चढ लागला की मुले खाली उतरून गाडी ढकलीत.

चढावर गाडी थांबली तर तिला ढकलता येत होते. पण उतारावर ती थांबलीच नाही तर काय करावयाचे? त्या मोटारीचे ब्रेक म्हणजे केवळ लाकडी ठोकळे होते. दांडा ओढला की ते ठोकळे चाकांवर घासत आणि गाडीचा वेग कमी होई. परंतु जेथे घर्षण होते, तेथे उष्णता निर्माण होते व वस्तूची झीजही होते. डोंगराळ वाटेवरील लांब उतारांवर ते ठोकळे भराभर झिजू लागले. गाडीत दोन मुले बसलेली होती आणि पुढे आणखी उतार होते. बर्थाबाईंनी तेथे नुसत्या धाडसावर भिस्त ठेवली नाही. बाउश्लोट या गावी त्यांनी गाडी थांबविली, एका चर्मकाराला गाठले आणि ब्रेकच्या ठोकळ्यांवर चामड्याचे तुकडे ठोकून घेतले. झिजायचे ते चामडे झिजेल, ठोकळा शाबूत राहील, आणि चामडे झिजले की ते पुन्हा बदलता येईल, अशी ती साधी पण फार मोलाची युक्ती होती. मोटारीच्या ब्रेकला अस्तर लावण्याची सुरुवात या प्रसंगापासून झाली, असे मानले जाते.

संध्याकाळी तिघेही फोर्त्सहाइमला सुखरूप पोहोचले. बर्थाबाईंनी तारेने पतीला ती वार्ता कळविली. काही दिवसांनी त्या मोटारीनेच परतल्या. प्रवासात आढळलेले सारे दोष त्यांनी कार्ल यांना सांगितले. चढासाठी आणखी एक गिअर हवा, ब्रेक अधिक चांगले हवेत, या त्यांच्या सूचना कार्ल यांनी मानल्या. या प्रवासाची चर्चा दूरवर पसरली, मोटारीवर लोकांचा विश्वास बसू लागला आणि पुढे बेंझ यांचा कारखाना भरभराटीस आला.

त्यानंतर ब्रेकमध्ये पुष्कळ सुधारणा झाल्या. 1902 मध्ये इंग्लंडमधील फ्रेडरिक लँचेस्टर यांनी डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले. चाकाबरोबर फिरणारी लोखंडी चकती दोन्ही बाजूंनी पॅडच्या चिमट्यात धरावयाची, ही त्यातील कल्पना होय. 1953 मध्ये फ्रान्समधील ल मां येथील चोवीस तासांची शर्यत डिस्क ब्रेक लावलेल्या जॅग्वार मोटारीने जिंकली, तेव्हा त्यांचे महत्त्व साऱ्या जगाला पटले. वेग दुप्पट झाला की ब्रेकला चौपट ऊर्जा शोषून घ्यावी लागते. म्हणूनच वेगवान मोटारीचे पॅड लवकर झिजतात आणि त्यांच्या मागोमाग चकत्याही पातळ होतात. कुशल मेकॅनिक चकतीची जाडी मोजतो व ती ठरलेल्या मर्यादेहून कमी भरली, तर चकतीही बदलतो. एकाच आसावरील दोन्ही चाकांचे पॅड तो एकदमच बदलतो. कारण एक बाजू नवी व दुसरी झिजलेली राहिली, तर ब्रेक दाबताच मोटार एकीकडे ओढली जाण्याचा धोका असतो. नवे पॅड बसविल्यावर गाडी आरंभी बेताने चालवून ते चकतीवर नीट बसू द्यावे लागतात.

कार्ल बेंझ 1929 मध्ये निवर्तले. बर्थाबाईंना दीर्घायुष्य लाभले. ज्या काळात त्यांना उच्च शिक्षण घेता आले नव्हते, तो काळ मागे पडला होता. त्यांच्या 95 व्या वाढदिवशी कार्ल्सरूह येथील तंत्रविद्यापीठाने त्यांना मानाची पदवी देऊन गौरविले. त्यानंतर दोनच दिवसांनी, 5 मे 1944 रोजी, लाडेनबुर्ग येथे त्यांचे निधन झाले. त्या ज्या वाटेने गेल्या, ती वाट 2008 पासून त्यांच्या नावाने स्मारकमार्ग म्हणून ओळखली जाते.

आजही मेडशीच्या सडकेवर एखादा चालक घाट उतरण्यापूर्वी गाडी बाजूला घेतो, ब्रेक तपासतो आणि झिजलेले पॅड बदलून मगच पुढे जातो. त्याचा थोडा वेळ जातो, चार पैसेही खर्च होतात. पण गाडीतील माणसे सुखरूप घरी पोहोचतात. बर्थाबाईंनी बाउश्लोटच्या वाटेवर नेमके हेच केले होते. पहाटे निघताना त्यांनी जे धैर्य दाखविले, त्याला उतारावरच्या या सावधपणाची जोड होती. म्हणूनच त्यांचा प्रवास तडीस गेला.