विश्लेषण : अवघे दहा दिवस जगलेले बाळ आणि डॉक्टर झालेली आई... आनंदीबाई जोशींची गोष्ट भिवंडीच्या पाड्यांवर आजही का आठवते?

भिवंडीहून कोनगाव ओलांडून खाडीपुलावर आले की समोर दुर्गाडी किल्ला दिसतो आणि कल्याण सुरू होते. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे माहेर याच कल्याणचे. स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत त्यांची ओळख 'पाश्चात्त्य वैद्यकाची पदवी मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय महिलांपैकी एक' अशी एका ओळीत संपते. पण त्या डॉक्टर का झाल्या, हे त्या ओळीत येत नाही. त्याचे उत्तर अवघे दहा दिवस जगलेल्या एका बाळाशी जोडलेले आहे.

नेमके काय घडले होते?

३१ मार्च १८६५ रोजी जन्मलेल्या यमुनेचे नवव्या वर्षी लग्न झाले. नवरा गोपाळराव जोशी. टपाल खात्यात कारकून, विधुर आणि वयाने जवळपास वीस वर्षांनी मोठे. सासरी तिचे नाव आनंदी झाले. चौदाव्या वर्षी तिला मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. योग्य वैद्यकीय मदत मिळाली नाही, एवढेच तिच्या चरित्रांतून कळते.

त्या काळी ही बातमी नव्हतीच. बाळंतपण घरातल्या अंधाऱ्या खोलीत होई, मदतीला सुईण असे. नाळ कापायचे हत्यार उकळून घ्यायची पद्धत नव्हती, त्यामुळे धनुर्वात आणि जंतुसंसर्ग ही नवजात बाळांच्या मृत्यूची मोठी कारणे होती. डॉक्टरांनी हात धुतले तर बाळंतिणी वाचतात, हे सेमेलवाइस यांनी व्हिएन्नात १८४७ मध्येच दाखवून दिले होते, पण युरोपातल्या डॉक्टरांनीही ते लगेच मान्य केले नाही. त्यात आई चौदा वर्षांची. इतक्या लहान वयातल्या आईचे बाळ कमी वजनाचे असण्याचा धोका जास्त असतो, हे आज आपण जाणतो. तेव्हाच्या कायद्याने संमतीवय दहा होते. ते बारा व्हायला १८९१ साल उजाडले आणि त्यावरूनही महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला!

कल्याणची मुलगी फिलाडेल्फियाला कशी पोहोचली?

गोपाळरावांना बायकोला शिकवायचा ध्यास होता. तो ध्यास मायेचा होता, असे मात्र म्हणता येत नाही. अभ्यास सोडून स्वयंपाकघरात दिसली म्हणून ते तिला मारत. पुढे अमेरिकेतून नवऱ्याला लिहिलेल्या पत्रांत आनंदीबाईंनी या माराची स्पष्ट आठवण करून दिली. त्यांच्यावरच्या नाटक-सिनेमांत हा भाग बऱ्याचदा सौम्य होऊन येतो, म्हणून इथे मुद्दाम लिहिले.

१८८० मध्ये गोपाळरावांनी अमेरिकी मिशनरी रॉयल वाइल्डर यांना पत्र लिहून बायकोच्या शिक्षणासाठी मदत मागितली. वाइल्डर यांनी ते आपल्या मासिकात छापले. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर दंतवैद्याकडे नंबर लागायची वाट पाहत बसल्या होत्या, तेव्हा तो अंक त्यांच्या हाती पडला. त्यांनी आनंदीबाईंना पत्र लिहिले आणि दोघींचा स्नेह जुळला. पुढे आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या.

हिंदू बाईने समुद्र ओलांडायचा, तोही एकटीने, म्हणून टीका होऊ लागली. तेव्हा २४ फेब्रुवारी १८८३ रोजी बंगालमधल्या सेरामपूर कॉलेजात आनंदीबाईंनी जाहीर भाषण करून आपली बाजू मांडली. देशात स्त्री डॉक्टरांची गरज आहे आणि आपण हिंदू म्हणून जाऊ व हिंदू म्हणूनच परत येऊ, हा त्याचा गाभा. एप्रिलमध्ये त्या कलकत्त्याहून निघाल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या. फिलाडेल्फियाच्या वुमन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनियाला लिहिलेल्या अर्जातही त्यांनी हेच कारण दिले : आपल्याकडच्या बायका पुरुष डॉक्टरकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करतात, त्यांच्यासाठी शिकायचे आहे. कॉलेजने तीन वर्षांसाठी ६०० डॉलर दिले.

प्रबंधाचा विषय कोणता होता?

प्रसूतिशास्त्र. पदवीसाठीच्या प्रबंधात त्यांनी आर्य हिंदूंमधील प्रसूतिविद्या हा विषय घेतला आणि आयुर्वेदिक ग्रंथ व अमेरिकी पाठ्यपुस्तके अशा दोन्हींचा आधार घेतला. मात्र शीर्षकातले हिंदू हे ग्रंथांतले हिंदू होते. कल्याणपासून काही कोसांवर राहणाऱ्या कातकरी किंवा वारली बाईचे बाळंतपण या शीर्षकात बसत नव्हते. एकविसाव्या वर्षी परदेशात बसून लिहिणाऱ्या मुलीकडून ती अपेक्षा करणे अन्यायाचेच, पण ही रिकामी जागा लक्षात ठेवायला हवी.

११ मार्च १८८६ रोजी पदवीदान झाले. पंडिता रमाबाई त्यासाठी अमेरिकेत पोहोचल्या होत्या. कोल्हापूर संस्थानाने अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या स्त्री विभागाची जबाबदारी देऊ केली.

त्या रुजू झाल्या का?

नाही. अमेरिकेतली थंडी आणि अपुरा आहार यांनी तब्येत खालावली होती, त्यात क्षयाने गाठले. १८८६ च्या अखेरीस त्या परतल्या त्या आजारीच. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. बावीस पूर्ण व्हायला जेमतेम महिना उरला होता. त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठवण्यात आल्या आणि न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सी इथल्या दफनभूमीत ठेवण्यात आल्या.

मग ते दहा दिवस आज कुठे आहेत?

जन्मानंतरचे २८ दिवस म्हणजे नवजात काळ आणि त्यातला पहिला आठवडा सर्वांत धोक्याचा. आनंदीबाईंना पदवी मिळाली त्याला बरोबर शंभर वर्षे होत असताना, १९८६ मध्ये, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था सुरू केली. बाळ दवाखान्यापर्यंत पोहोचत नसेल तर उपचारच घरापर्यंत न्यायचे, म्हणून त्यांनी गावातल्याच बायकांना प्रशिक्षण दिले. बाळाचे वजन घेणे, त्याला ऊबदार ठेवणे, श्वास मोजणे आणि जंतुसंसर्ग ओळखून औषध देणे ही त्यांची कामे. ३९ गावांत नवजात मृत्युदर हजारी ६२ वरून २५ पर्यंत उतरला. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'ने हा अभ्यास छापला आणि २०११ पासून आशा सेविकांच्या गृहभेटींची हीच पद्धत देशभर आली.

दवाखान्यात बाळंतपण झाले असेल तर आशा तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येते. घरी झाले असेल तर पहिल्या दिवशीही. म्हणजे आनंदीबाईंच्या बाळाच्या वाट्याला आज दोन किंवा तीन भेटी आल्या असत्या. २०२० च्या नमुना नोंदणी पाहणीनुसार महाराष्ट्राचा नवजात मृत्युदर हजारी ११ होता, तर देशाचा २०.

ही राज्याची सरासरी झाली. भिवंडी तालुक्यात दिवाळीनंतर वीटभट्ट्या पेटतात. मोखाडा, जव्हार, शहापूरकडची कातकरी कुटुंबे पावसाळ्यापर्यंत तिथेच झोपड्या घालून राहतात. गर्भवतीचे नाव मूळ गावच्या आशाच्या रजिस्टरमध्ये असते आणि बाई इकडे भट्टीवर. तिसऱ्या दिवशी आशा ज्या घरी जाते, त्याला कुलूप असते. पावसाळ्यात अडचण वेगळी. रस्ता नाही म्हणून गर्भवतीला झोळीतून नेल्याच्या बातम्या ठाणे-पालघरच्या पाड्यांतून दरवर्षी येतात. अँब्युलन्स येते, पण डांबर संपते तिथपर्यंतच.

कामासाठी गाव सोडले असेल तर गर्भवतीने माता-बाल संरक्षण कार्ड सोबत ठेवावे आणि पोहोचल्यावर जवळच्या अंगणवाडीत किंवा आशाकडे नाव सांगावे. बाळ दूध ओढत नसेल, अंग गार किंवा तापलेले लागत असेल, श्वास जोरात चालत असेल किंवा झटके येत असतील तर पुढच्या भेटीची वाट पाहू नये. गर्भवती, बाळंतीण आणि नवजात बाळासाठी १०२ आणि तातडीच्या वेळी १०८ या क्रमांकांवर मोफत वाहन मिळते.