मारिया मॉन्टेसरी: मुलांच्या बोटांना आधी अक्षर शिकवणारी डॉक्टर

बालवाडीच्या पाटीवर 'मॉन्टेसरी' हा शब्द आपण इतक्या वेळा वाचतो की ते एका बाईचं आडनाव आहे, हे पटकन लक्षातही येत नाही. आज अनेक घरांत तीन-चार वर्षांच्या मुलांना खरबरीत कागदाची अक्षरं बोटाने गिरवायला देतात, सुटी अक्षरं जोडून शब्द बनवायचा खेळ खेळतात. या खेळांची पद्धत इटलीतल्या एका डॉक्टरने शंभरहून अधिक वर्षांपूर्वी बसवली. पण लहान मुलांना लिहायला शिकवायचं असं तिने सुरुवातीला ठरवलंही नव्हतं. मग हे घडलं कसं?

डॉक्टर व्हायचं होतं, शिक्षिका नाही

मारिया मॉन्टेसरी यांचा जन्म 31 ऑगस्ट 1870 रोजी इटलीतल्या कियारावाले या गावी झाला. वडील सरकारी नोकरीत, आई वाचनाची आवड असलेली. त्या काळात शिकलेल्या मुलीपुढे मुख्यतः शिक्षिकेचा पेशा असायचा. मारियाला तोच नको होता. वडिलांची नाराजी पत्करून तिने वैद्यकीय शिक्षण घेतलं. पुरुष विद्यार्थ्यांबरोबर शवविच्छेदन करणं बाईला शोभत नाही, असं मानलं जायचं. त्यामुळे ते काम तिला वेळ संपल्यावर एकटीने करावं लागे. 1896 मध्ये रोम विद्यापीठातून त्या डॉक्टर झाल्या.

कामाच्या निमित्ताने त्यांचा संबंध बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांशी आला. या मुलांना तेव्हा मनोरुग्णालयात कोंडून ठेवलं जाई. त्यांना औषधापेक्षा शिक्षणाची गरज आहे, असं मारिया यांचं मत बनलं. त्यांनी इतार आणि सेगँ या फ्रेंच डॉक्टरांचं लेखन अभ्यासलं. 1900 मध्ये रोममध्ये अशा मुलांसाठीची संस्था सुरू झाली, तेव्हा तिची सूत्रं मारिया आणि त्यांचे सहकारी डॉ. ज्युसेप्पे मोंतेसानो यांच्याकडे आली.

विणकामातून सापडलेलं सूत्र

या संस्थेत 11 वर्षांची एक मुलगी होती. तिला काही केल्या शिवण जमत नव्हती. मारिया यांनी सुई बाजूला ठेवली आणि तिला कागदाच्या पट्ट्यांची चटई विणायला दिली. पट्टी एकदा वरून, एकदा खालून. हा खेळ हातात बसल्यावर पुन्हा सुई दिली, तर तिला टाका घालता येऊ लागला.

यातून मारिया यांनी एक सूत्र काढलं: अवघड काम करून घेण्याआधी त्या कामाला लागणारी हालचाल वेगळ्या, सोप्या खेळातून हाताला शिकवायची. हेच लिहिण्याला का लावू नये? त्यांनी लाकडाची सुंदर वळणदार अक्षरं करून घेतली. व्यंजनं निळी, स्वर लाल. मुलं त्यांवरून बोट फिरवू लागली. यातली काही मुलं लिहा-वाचायला शिकली आणि नेहमीच्या शाळेतल्या मुलांबरोबर परीक्षाही पास झाली. लोक थक्क झाले. मारिया यांना मात्र वेगळाच प्रश्न पडला: ही मुलं इतकं करू शकतात, तर बाकीच्या निरोगी मुलांना शाळा मागे का ठेवते आहे?

जिन्याच्या भिंती खराब करणारी मुलं

उत्तर शोधण्याची संधी 1907 मध्ये आली. रोमच्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत एका कंपनीने जुन्या इमारती दुरुस्त करून कामगारांना भाड्याने दिल्या होत्या. आईबाप कामावर गेले की शाळेच्या वयाची न झालेली मुलं दिवसभर मोकाट असत आणि भिंती खराब करत. त्यांना सांभाळायची सोय म्हणून कंपनीचे इंजिनिअर एदुआर्दो तालामो यांनी मारिया यांना बोलावलं. 6 जानेवारी 1907 रोजी तिथे 'कासा देई बांबिनी', म्हणजे 'मुलांचं घर' सुरू झालं.

सहा वर्षांच्या आत मुलांना लिहायला शिकवू नये, असं तेव्हा सगळेच मानत. मारियाही त्याच मताच्या होत्या. आग्रह धरला तो आयांनी. त्यातल्या बऱ्याच जणींना स्वतःला अक्षरओळख नव्हती. आपली मुलं हात धुतात, बटणं लावतात, मग ती लिहायलाही शिकतील, असं त्यांना वाटत होतं.

मारिया यांना आधीसारखी लाकडी अक्षरं हवी होती, पण ती बनवून देणारा कारागीर मिळेना. शेवटी त्यांनी आणि शिक्षिकेने कात्री घेऊन कागदाचीच अक्षरं कापली आणि त्यांना निळा रंग दिला. गिरवण्यासाठी सँडपेपर, म्हणजे आपला पॉलिश पेपर, अक्षराच्या आकारात कापून गुळगुळीत कागदावर चिकटवला. बोट अक्षरावर असेल तर खरबरीत लागतं, घसरलं की गुळगुळीत लागतं. चूक दाखवायला मोठ्या माणसाची गरजच उरत नाही. लाकडाऐवजी कागद आल्याने एकेका अक्षराच्या हव्या तितक्या प्रती निघाल्या आणि मुलांना शब्द जुळवता येऊ लागले.

हे शिकवणं तीन वाटांनी एकाच वेळी चालायचं:

1. धातूच्या आकारांभोवती रेघ ओढून आत रंगीत पेन्सिलीने भरायचं. यातून पेन्सिल धरण्याची सवय होई.

2. खरबरीत अक्षरावरून लिहिण्याच्या दिशेनेच बोट फिरवायचं आणि त्याच वेळी त्याचा उच्चार ऐकायचा. अक्षराचं नाव नाही, उच्चार. आपल्याकडे 'क'ला 'क'च म्हणतात, म्हणून हा फरक जाणवत नाही. इटालियन किंवा इंग्रजीत तो महत्त्वाचा ठरतो.

3. शब्द बोलून, त्यातले आवाज ओळखून सुटी अक्षरं चटईवर मांडायची.

गच्चीवरची दुपार

डिसेंबरमध्ये एका दिवशी छान ऊन पडलं होतं, म्हणून मारिया मुलांना गच्चीवर घेऊन गेल्या. त्यांनी पाच वर्षांच्या एका मुलाला खडू देऊन समोरचं धुराडं काढायला सांगितलं. त्याने ते फरशीवर काढलं. शाबासकी मिळताच तो क्षणभर थांबला आणि आपल्याला लिहिता येतं, असं ओरडत फरशीवर शब्द लिहू लागला. आधी हात, मग धुराडं, मग छप्पर. ते ऐकून बाकीची मुलं धावली, खडू मागू लागली आणि त्यांतली काही तशीच लिहिती झाली. कोणीही त्यांना लिहायला बसवलं नव्हतं. हात आधीच तयार झाला होता. त्याच नाताळात चार वर्षांच्या दोन मुलांनी सगळ्यांच्या वतीने तालामो यांना शुभेच्छांचं पत्र लिहिलं.

वाचन त्यानंतर आलं. चिठ्ठीवरचं नाव वाचेल त्याला ते खेळणं मिळेल, असा खेळ मारिया यांनी मांडला. मुलांनी खेळणी घेतलीच नाहीत. त्यांना पुढची चिठ्ठी हवी होती.

स्वतःचा मुलगा मात्र दूर

या यशामागे एक गोष्ट वर्षानुवर्षं झाकलेली राहिली. 31 मार्च 1898 रोजी मारिया यांना मोंतेसानो यांच्यापासून मुलगा झाला होता. दोघांचं लग्न झालेलं नव्हतं. ही बातमी फुटली असती, तर मारिया यांचं काम तिथेच थांबलं असतं. मारिओला रोमबाहेर एका कुटुंबाकडे ठेवण्यात आलं. पुढे मोंतेसानो यांनी दुसरीशी लग्न केलं आणि मारिया यांनी ती संस्था सोडली. सान लोरेंझोतली मुलं अक्षरांवरून बोट फिरवत होती, तेव्हा त्यांचा स्वतःचा नऊ वर्षांचा मुलगा दुसऱ्यांच्या घरी वाढत होता. आजी वारल्यानंतर, साधारण 15 वर्षांचा असताना तो आईकडे राहायला आला. तरीही लोकांना त्याची ओळख भाचा म्हणून करून दिली जाई.

मद्रास आणि अहमदनगर

इटलीत मुसोलिनीने आधी या शाळांना पाठिंबा दिला. पुढे मारिया यांच्याशी बिनसल्यावर 1934 मध्ये त्या बंद पडल्या. 1939 मध्ये थिऑसॉफिकल सोसायटीच्या निमंत्रणावरून मारिया आणि मारिओ मद्रासला आले. जून 1940 मध्ये इटली युद्धात उतरली आणि इंग्रज सरकारच्या लेखी दोघं शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. मारिया यांना अड्यारच्या आवाराबाहेर जायला बंदी झाली आणि मारिओची रवानगी अहमदनगरच्या छावणीत झाली.

ऑगस्टमध्ये मारिया यांना 70 वर्षं पूर्ण झाली. वाढदिवसाची भेट म्हणून त्यांचा मुलगा त्यांना परत देत आहोत, असा व्हाइसरॉयचा संदेश आला. जे नातं त्यांनी आयुष्यभर लपवलं, ते परक्या सरकारने एका ओळीत लिहून टाकलं.

भारतात त्यांची पद्धत त्याआधीच पोहोचली होती. भावनगरला गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी 1926 मध्ये नूतन बाल शिक्षण संघ सुरू केला होता. पुढे ताराबाईंनी बोर्डी आणि कोसबाडच्या आदिवासी मुलांसाठी महागड्या साधनांऐवजी आसपास मिळणाऱ्या वस्तू वापरल्या. सान लोरेंझोतली अक्षरंही कागद आणि कात्रीचीच होती, हे पाहिलं तर ते मूळ कामाच्या जवळचंच होतं.

6 मे 1952 रोजी नेदरलँड्समधल्या नोर्डवाइक इथे मारिया यांचं निधन झालं. मृत्युपत्रात त्यांनी मारिओला आपला मुलगा म्हटलं आणि पुढचं सगळं काम त्याच्या हाती सोपवलं.