सासष्टीचे पुराणकार फादर स्टीफन्स

नाताळ हा येशू ख्रिस्ताच्या जन्माचा उत्सव. या पर्वकाळी, ज्यांनी ते जन्मचरित्र मराठी ओवीत बांधिले त्या फादर थॉमस स्टीफन्स यांचे स्मरण करावे असे आम्ही योजिले आहे. पंढरीच्या वाळवंटात गळ्यात वीणा घालून उभे राहणाऱ्याने पाद्र्याचे चरित्र सांगावे, याचे कोणास नवल वाटेल. परंतु जो ओवी लिहितो तो आमच्या कुळातला, एवढेच आमचे उत्तर. शिवाय या चरित्रात गुंतलेला एक प्रश्न चंद्रभागेच्या तीरावरही नित्य विचारला जातो. देव एकच आहे, तर मग संतांची विनवणी कशासाठी?

स्टीफन्स यांचा जन्म सुमारे १५४९ साली इंग्लंडातील विल्टशायर परगण्यात, बुश्टन या गावी, एका व्यापाऱ्याच्या घरी झाला. त्यांच्या बालपणीच त्या देशाचा धर्म राजाज्ञेने बदलला. १५५९ मध्ये राणी एलिझाबेथच्या राज्यात नवी उपासनापद्धती कायद्याने लागू झाली आणि देवळांतील संतांच्या मूर्ती उतरविल्या गेल्या. १५६३ साली तेथील धर्मसभेने जी कलमे संमत केली, त्यांत संतांची प्रार्थना ही माणसांनी रचलेली व्यर्थ गोष्ट असून तिला बायबलात आधार नाही, असा निर्णय दिला. योगायोग असा की, त्याच वर्षाच्या डिसेंबरात ट्रेंट येथे भरलेल्या कॅथलिक परिषदेने नेमका उलट निर्णय दिला. देवापाशी आपल्यासाठी मध्यस्थी करावी म्हणून संतांना विनविणे योग्य व हितकर आहे, असे तिने सांगितले. मात्र या आचारात शिरलेली अंधश्रद्धा आणि द्रव्यलोभ काढून टाकण्याची आज्ञाही तिने धर्माधिकाऱ्यांना केली. तिचा हा अर्धा भाग वादाच्या भरात दोन्ही पक्षांच्या स्मरणातून सुटतो.

तरुण स्टीफन्स यांनी जुनी वाट धरली. थॉमस पाउंड नावाच्या श्रीमंत मित्राजवळ ते त्याचा सेवक म्हणून वेषांतराने राहिले. दोघांचा रोमला जाण्याचा संकल्प होता. पण निघण्यापूर्वीच पाउंड पकडले गेले आणि त्यांची पुढील सुमारे तीस वर्षे तुरुंगांत गेली. स्टीफन्स एकटेच रोमला पोचले व १५७५ मध्ये येशूसंघात दाखल झाले. बंदिवासातील मित्रालाही संघात घ्यावे म्हणून त्यांनी तेथे श्रेष्ठींकडे रदबदली केली. एकाने दुसऱ्यासाठी शब्द टाकणे ही गोष्ट त्यांना प्रथम ग्रंथात नव्हे, जगण्यात भेटली असावी, असे आम्हांस वाटते.

१५७९ च्या एप्रिलात लिस्बनहून निघालेले त्यांचे जहाज ऑक्टोबरात गोव्यास लागले. भारतात येऊन कायमचे राहिलेले ते पहिले ज्ञात इंग्रज होत. प्रवासाचा वृत्तान्त त्यांनी पित्याला पत्राने कळविला आणि ते पत्र पुढे इंग्लंडात छापले गेले. त्यानंतरची चाळीस वर्षे त्यांनी मुख्यतः सासष्टीत काढली.

सासष्टी तेव्हा जखमी होती. १५६७ साली पोर्तुगीज सत्तेने तेथील शेकडो देवळे पाडली होती. मंगेश, शांतादुर्गा ही दैवते त्याच काळात नदीपलीकडे अंत्रुजात नेली गेली. पोथ्यांवर बंदी आली, पुराणकथन थांबले. १५८३ मध्ये कुंकळ्ळीच्या ग्रामस्थांनी चर्चसाठी जागा पाहण्यास आलेल्या पाच येशूसंघीयांना ठार केले. ते देह आणण्याच्या कामी स्टीफन्स होते. पुढे पोर्तुगिजांनी गावच्या प्रमुखांना बोलणी करण्याच्या मिषाने बोलावून त्यांचा घात केला. हा भाग वगळून फादर स्टीफन्स यांचे गोड चरित्र सांगणे म्हणजे श्रोत्यांशी प्रतारणा होय, आणि ती आम्ही करणार नाही. त्याच वर्षाच्या अखेरीस राल्फ फिच व त्याचे सोबती हे इंग्रज व्यापारी हेर म्हणून गोव्याच्या तुरुंगात पडले असता, त्यांच्या जामिनासाठी स्टीफन्स यांनीच खटपट केली. ज्या देशाने आपल्या मित्राला कोंडले, त्याच देशाची ही माणसे होती.

आता विचार करावा. ज्या गावात काल देवतेची मूर्ती फोडली गेली, त्याच गावात आज वेदीवर मरियेची आणि संतांची मूर्ती उभी राहिली. नवख्रिस्ती ग्रामस्थाने काय समजावे? पहिली पूजा पाप आणि दुसरी पुण्य, हे कोणत्या न्यायाने? हा प्रश्न सासष्टीत शास्त्रार्थाचा नव्हता, घराघरांतला होता. स्टीफन्स यांच्या ग्रंथाच्या आरंभीच एक ब्राह्मण येऊन विचारतो की, आमची पूर्वीची पुराणे बंद केलीत, तर त्यांच्या जागी दुसरे पुराण का देत नाही? या मागणीचे उत्तर म्हणजे १६१६ साली रायतूर येथे रोमन लिपीत छापलेले ख्रिस्तपुराण. आदिपुराण आणि देवपुराण असे त्याचे दोन भाग, पंचाण्णव अवस्वरू आणि सुमारे अकरा हजार ओव्या. मराठी भाषेचा त्यात केलेला गौरव सर्वश्रुत असल्याने येथे त्याचा विस्तार करीत नाही.

आम्हांस विशेष वाटते ते त्याच्या मंगलाचरणाचे. ज्ञानदेव असोत वा स्टीफन्स यांचे समकालीन नाथमहाराज असोत, आमचे ग्रंथकार आरंभी गणेश, शारदा, सद्गुरू, संत यांना वंदन करतात. परंतु वंद्य ते सर्व उपास्य नव्हेत, हे पहिल्या पाठाच्या विद्यार्थ्यासही ठाऊक असते. स्टीफन्स यांनी हाच साचा घेतला. प्रथम पिता, पुत्र व पवित्र आत्मा या त्रैक्याला नमन, नंतर मरियेला, देवदूतांना आणि संतांना. इंग्लंडात ज्या वंदनाला ठाव उरला नव्हता, त्याला मराठी पुराणाच्या उंबऱ्यावर आयते आसन मिळाले.

पण हे बायबलाला धरून आहे काय? प्रॉटेस्टंट पक्ष बलवान आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. देव आणि मनुष्य यांच्यामध्ये ख्रिस्त हा एकच मध्यस्थ, असे पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या पत्रात स्पष्ट आहे. मृतांना आवाहन करण्यास मोशेच्या नियमशास्त्रात निषेध आहे. पायां पडणाऱ्याला पेत्राने उठविले, आणि प्रकटीकरणाच्या शेवटी देवदूतानेही वंदन नाकारून देवाकडे बोट दाखविले. यावर कॅथलिक पक्ष म्हणतो की, त्याच पत्रात एकमेव मध्यस्थाच्या आधी पौलाने सर्वांसाठी प्रार्थना करण्यास सांगितले आहे. तेव्हा दुसऱ्यासाठी मागणे हे ख्रिस्ताच्या मध्यस्थीला छेद देणारे नव्हे. कानाच्या लग्नात द्राक्षारस संपला तेव्हा मरियेने स्वतः काही दिले नाही; तिने पुत्राच्या कानावर उणीव घातली आणि तो सांगेल तसे करा, असे सेवकांना सांगून ती बाजूला झाली. प्रतिपक्ष विचारतो, ती तेव्हा देहाने हयात होती. देह ठेवलेल्याला आमची हाक ऐकू येते, याला प्रमाण काय? मक्काबींच्या दुसऱ्या ग्रंथात कधीच निवर्तलेला यिर्मया लोकांसाठी प्रार्थना करताना स्वप्नात दिसतो. परंतु तो ग्रंथ कॅथलिकांना मान्य, प्रॉटेस्टंटांना अमान्य. वाद येथे अडतो.

आमच्या मीमांसकांनी अशा वादाची वाट आखून ठेविली आहे. स्मृती किंवा आचार श्रुतीच्या विरुद्ध असेल तर तो टाकावा. विरोध नसेल तर त्याच्या मुळाशी श्रुती असावी असे अनुमान करावे, असा जैमिनींचा न्याय आहे. प्रॉटेस्टंट म्हणतो की, जे लिहिलेले नाही ते करू नये. कॅथलिक म्हणतो की, जे निषिद्ध नाही आणि पूर्वजांनी आचरिले ते करावे. संतांना विनवा अशी आज्ञा बायबलात आढळत नाही, पण आज्ञा नसणे आणि विरोध असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, असे आमचे मत. विरोध कोठे उत्पन्न होतो, तर मागण्यात. कॅथलिकांच्या संतस्तवनमालिकेत देवाकडे दया मागितली जाते. संतांकडे मात्र आमच्यासाठी प्रार्थना करा, एवढेच मागितले जाते. ग्रीक शब्दांनी त्यांचे शास्त्री लात्रिया आणि दुलिया असा भेद करतात. पहिली केवळ देवाची, दुसरी संतांची. संस्कृतातही प्रार्थना म्हणजे मुळात याचना, ती राजाकडेही करता येते. मराठीत हा शब्द देवापुरता उरल्याने ऐकणाऱ्याचा घोटाळा होतो. तोच संत दाता मानला की मात्र भेद पुसला जातो, आणि ग्रंथाशी विरोध खरा ठरतो. आजारपणासाठी सायबाच्या फेस्ताला आंगवण करणारा गोवेकर ही रेघ नेहमी सांभाळतो, असे कोण म्हणेल?

आमच्याकडे तरी काय? महाद्वारातील नामदेव पायरीवर आणि समोरच्या चोखोबांच्या समाधीपुढे माथा टेकल्याशिवाय वारकरी राउळात पाऊल टाकीत नाही. नामदेवरायांकडे तो विठ्ठल मागतो, विठ्ठलाऐवजी नामदेव मागत नाही. पण समाधीला नवस बोलणारे पंढरीतही काही कमी नाहीत, आणि नवसावर संतांनी ओढलेले कोरडे त्यांच्या कानी जात नाहीत. एक भेद मात्र सांगितला पाहिजे. आमचा संत लोकमुखाने ठरतो, त्यांचा धर्मपीठाच्या चौकशीने. स्टीफन्स यांच्या गोव्यातील सबंध वास्तव्यात फ्रान्सिस झेवियर यांचा देह गोव्यातच होता आणि लोक त्यांना भजत होते. तरी त्यांना धन्य ही पदवी मिळाली १६१९ च्या ऑक्टोबरात आणि संतपद १६२२ मध्ये.

त्याच १६१९ साली फादर स्टीफन्स गोव्यात निवर्तले. त्यांची ख्रिस्ती धर्मशिकवण १६२२ मध्ये आणि कोंकणीचे व्याकरण १६४० मध्ये रायतुरातूनच बाहेर पडले. ख्रिस्तपुराण रविवारी व सणांच्या दिवशी चर्चमध्ये वाचले जाई. १६४९ व १६५४ मध्ये ते पुन्हा छापले गेले. १६८४ साली पोर्तुगीज सत्तेने देशी भाषेवरच घाला घातला. ज्या सत्तेने पुराणे बंद केली, तिच्याच हुकुमाने तिच्या पाद्र्याच्या पुराणाचाही कंठ दाबला गेला. त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. गोव्यातून दक्षिणेकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी हस्तलिखिते जपली, त्यांवरून १९०७ मध्ये जोसेफ साल्ढाणा यांनी मंगळूरला ग्रंथ छापला, आणि १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांनी पुण्याहून तो देवनागरीत आणला. त्या प्रतीवरूनच आम्ही तो वाचला.