सर आर्थर कॉटन

विद्यार्थी मित्रांनो, नाशिक जिल्ह्यात त्र्यंबकेश्वरजवळ उगम पावणारी गोदावरी नदी तुम्हांला ठाऊकच आहे. पावसाळ्यात ती दुथडी भरून वाहते. उन्हाळ्यात मात्र पात्रात वाळू उघडी पडते आणि नावा जागच्या जागी रुततात. या नदीवर वर्षातील बहुतेक महिने नावा चालाव्यात, म्हणून एका इंजिनिअराने आयुष्यभर खटपट केली. त्यांचे नाव सर आर्थर कॉटन.

कॉटन यांचा जन्म १५ मे १८०३ रोजी इंग्लंडमध्ये झाला. १८२१ साली ते मद्रासला आले. कावेरी नदीवर चोल राजांच्या काळातील एक प्राचीन बंधारा आहे. त्याची रचना त्यांनी बारकाईने अभ्यासली. हिंदुस्थानातील जुन्या कारागिरांकडून शिकण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही.

१८३३ च्या सुमारास आंध्र किनाऱ्यावर भीषण दुष्काळ पडला. असंख्य माणसे अन्नावाचून मेली. गोदावरीचे पाणी मात्र जवळूनच समुद्राला मिळत होते! हे पाणी अडवावे, असे कॉटन यांनी सरकारला कळवले. १८४७ साली राजमहेंद्रीजवळ धवळेश्वरम येथे काम सुरू झाले. मध्येच त्यांची प्रकृती ढासळली व काही काळ त्यांना देशाबाहेर जावे लागले. तरी त्यांच्या साहाय्यकांनी आणि हजारो मजुरांनी काम थांबू दिले नाही. १८५२ साली सुमारे साडेतीन किलोमीटर लांबीचा दगडी बंधारा पुरा झाला.

बंधाऱ्यामुळे पाण्याची पातळी वाढली व ते कालव्यांत वळवता आले. या कालव्यांतून शेतीला पाणी मिळाले आणि नावाही चालू लागल्या. पण उंचावरच्या पाण्यातून नाव खाली कशी उतरणार? त्यासाठी ‘लॉक’ बांधले. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दरवाजे असलेला दगडी हौद. नाव आत आली की मागचा दरवाजा बंद करतात. हौदातील पाणी हळूहळू खाली सोडतात. पाण्याबरोबर नावही खाली उतरते. मग पुढचा दरवाजा उघडतात. नाव वर चढवायची असेल, तर वरचे पाणी हौदात घेतात. यासाठी ना यंत्र लागते, ना इंधन.

कॉटन यांचे स्वप्न याहून मोठे होते. वऱ्हाड व नागपूर भागातील कापूस वर्धा, प्राणहिता आणि गोदावरी या नद्यांतून थेट समुद्रापर्यंत न्यावा, असे त्यांना वाटे. वाटेत खडकाळ धबधबे होते. तेथे बंधारे व लॉक बांधण्याचे काम दुम्मागुडेम येथे सुरूही झाले. पण खर्च फार वाढला. १८६७ साली रेल्वे नागपूरला पोहोचली. अखेर १८७१ साली ही योजना सोडून देण्यात आली.

रेल्वेपेक्षा जलमार्ग स्वस्त पडतो, हे मत कॉटन यांनी शेवटपर्यंत सोडले नाही. २४ जुलै १८९९ रोजी इंग्लंडमध्ये त्यांचे निधन झाले.

मित्रांनो, गोदावरीच्या पाण्याने कंपनी सरकारचा महसूल वाढला, हे खरे. पण दुष्काळी मुलुख हिरवागार झाला, हेही तितकेच खरे. म्हणूनच तेथील शेतकरी आजही त्यांची आठवण काढतात. जुन्या बंधाऱ्याच्या जागी आता नवा बंधारा उभा आहे. त्याला कॉटन यांचेच नाव दिले आहे. माणूस जातो, पण लोकांच्या उपयोगी पडलेले त्याचे काम मागे उरते.