स्टेलर, पाणमांजर आणि हरवलेली समुद्रगाय

नोव्हेंबर १७४१. उत्तर प्रशांत महासागरातील एका निर्मनुष्य बेटाला ‘सेंट पीटर’ हे रशियन जहाज कसेबसे टेकले. बहुतेक खलाशी स्कर्व्हीने आडवे झाले होते. हिरड्या सुजलेल्या, दात हलणारे, पायांत त्राण नाही. जे मोजके लोक धडधाकट होते, त्यांत होता ३२ वर्षांचा जर्मन निसर्ग-अभ्यासक जॉर्ज विल्हेल्म स्टेलर.

१७०९ मध्ये जर्मनीतील विंडसहाइम येथे जन्मलेला स्टेलर आधी धर्मशास्त्र शिकला आणि पुढे वैद्यक व वनस्पतिशास्त्राकडे वळला. १७३४ मध्ये तो रशियात गेला आणि कालांतराने व्हिटस बेरिंगच्या सागरी मोहिमेत सामील झाला. जुलै १७४१ मध्ये अलास्काजवळच्या कायाक बेटावर त्याला जेमतेम दहा तास मिळाले. तेवढ्या वेळात त्याने वनस्पती गोळा केल्या. तिथल्या एका निळ्या पक्ष्यावरून आपण अमेरिकेत पोहोचलो आहोत, हेही त्याने ओळखले.

परतीच्या वाटेवर अधिकाऱ्यांनी एका बेटावरचे मचूळ पाणी पिंपांत भरून घेतले. स्टेलरने गोडे पाणी शोधून दाखवले, पण त्याचे कुणी ऐकले नाही. मग त्याने रानातला ताजा पाला आणून बेरिंगला आणि काही खलाशांना खाऊ घातला. त्यांना उतार पडला, पण पाला लवकरच संपला. स्कर्व्ही ‘क’ जीवनसत्त्वाच्या अभावाने होतो, हे कळायला अजून बराच अवकाश होता. लिंबू-संत्र्याने हा रोग बरा होतो, हे दाखवणारा जेम्स लिंडचा प्रसिद्ध प्रयोगही १७४७ चा. समुद्रात आणि बेटावर मिळून सुमारे ३० जण दगावले. डिसेंबरमध्ये बेरिंगही गेला.

उरलेल्यांना जगवले ते सागरी पाणमांजरांच्या मांसाने आणि बर्फ वितळल्यावर उगवलेल्या पाल्याने. स्टेलर मात्र या प्राण्यांकडे नुसते अन्न म्हणून पाहत नव्हता. पिलाला पोटावर घेऊन तरंगणाऱ्या माद्या, त्यांचे खाणे-खेळणे तो टिपत होता. याच किनाऱ्यावर त्याला आणखी एक प्राणी दिसला. केल्प नावाचे मोठे समुद्रशैवाल खाणारी, सात-आठ मीटर लांबीची समुद्रगाय. आपल्याकडे मन्नारच्या आखातात आढळणाऱ्या डुगाँगची ही थोरली नातलग. तिला जिवंत पाहून तिचे वर्णन लिहिणारा स्टेलर हा एकमेव निसर्ग-अभ्यासक ठरला.

ऑगस्ट १७४२ मध्ये मोडक्या जहाजाच्या लाकडांतून नवे जहाज बांधून हे लोक निघाले. सोबत पाणमांजरांची शेकडो कातडी होती. त्यांत स्टेलरचाही वाटा होता. या प्राण्याच्या अंगावर चरबीचा जाड थर नसतो. थंडीपासून त्याला वाचवते ती दाट फर, एका चौरस सेंटिमीटरवर लाखाहून अधिक केसांची. ती कातडी पाहून शिकाऱ्यांची रीघ लागली. १९११ मध्ये आंतरराष्ट्रीय करार होऊन संरक्षण मिळाले, तेव्हा हजार-दोन हजारच पाणमांजरे उरली होती.

त्याचे परिणाम समुद्राच्या तळापर्यंत गेले. पाणमांजर रोज आपल्या वजनाच्या जवळपास पाव हिस्सा खाते. त्यात शंख-शिंपले असतात, अ‍ॅबलोनी असते आणि काटेरी सी-अर्चिनही. पाणमांजर नसले की अर्चिन माजतात आणि केल्पची जंगले फस्त करतात. अल्यूशन बेटांवरच्या अभ्यासातून १९७४ मध्ये हे स्पष्ट झाले. समुद्रगाय १७६८ च्या सुमारास, म्हणजे स्टेलरने पाहिल्यावर अवघ्या २७ वर्षांत नामशेष झाली. मांसासाठी तिची बेसुमार कत्तल झालीच, पण पाणमांजरे गेल्याने तिचा केल्पचा चाराही आटला असावा, असे काही शास्त्रज्ञांना वाटते.

स्टेलरला यातले काहीच पाहायला मिळाले नाही. १७४६ मध्ये सायबेरियातील त्यूमेन येथे, वयाच्या ३७ व्या वर्षी तो मरण पावला. सागरी प्राण्यांवरचा त्याचा ग्रंथ १७५१ मध्ये छापला गेला. पाणमांजरे पुढे काही किनाऱ्यांवर परतली आणि तिथे केल्पही पुन्हा वाढले. समुद्रगाय मात्र उरली ती संग्रहालयांतल्या हाडांत आणि स्टेलरच्या वर्णनात.